उन्हाळ्यात ससा वाढत नाही, दोष कुणाचा?

(बचतगटांच्या कार्यकर्त्या आणि महिला मंडळांच्या प्रतिनिधींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी काही जणी हसत होत्या. पोटगी, सातबारा, रेशन, दारूबंदी, आणि मधेच हा ससा कुठून आला? प्रश्न बरोबर आहे. मी जनावरांची डॉक्टर नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं आणि काम मराठवाड्यातल्या बचतगटांबरोबरचं. पण गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या बायकांना घरबसल्या करायचा धंदा म्हणून शेळी आणि कोंबडीच्या जोडीला ससाही सांगितला जाऊ लागला. काही गटांनी कर्ज काढून पिंजरे आणले. पहिला उन्हाळा आला आणि घराघरात भांडणं सुरू झाली. ती भांडणं सोडवता सोडवता मला सशाचा अभ्यास करावा लागला. पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे बसले, जे छापील साहित्य मिळालं ते वाचलं आणि बायकांनी ठेवलेल्या वह्या त्याच्याशी ताडून पाहिल्या. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं. उन्हाळ्यात ससा वाढत नाही, त्याचं वजन भरत नाही, मटण कमी पडतं, हा सशाच्या शरीराचा धर्म आहे. त्यात पाळणाऱ्या बाईचा हलगर्जीपणा नसतो. ज्या योजनेच्या हिशेबात उन्हाळाच धरलेला नाही, त्या योजनेचा तोटा मात्र बाईच्या नावावर लिहिला जातो. म्हणून हा विषय आपल्या पत्रिकेत आहे.

रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा

आमच्याकडे पिंजरे विकायला आलेला माणूस बैठकीत म्हणायचा, “बाई, ससा तर तुमच्या रानातच राहतो. त्याला उन्हाची काय भीती?” ऐकायला पटतं. पण यात मोठी गफलत आहे.

आपल्या माळरानावर दिसतो तो ससा वेगळा प्राणी. तो बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसतो. त्याची पिल्लं जन्मताच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. तो पाळीव नाही. त्याला पकडणं, मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

पिंजऱ्यात येतो तो ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत खोल बिळं करून राहणारा. त्याची पिल्लं उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. दिवसा ऊन तापलं की हा प्राणी बिळाच्या गारव्यात जातो आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतो. त्याच्यापासून माणसानं मटणासाठी जाती तयार केल्या. न्यूझीलंड व्हाइट ही जात, नावात न्यूझीलंड असलं तरी, घडली अमेरिकेत. सोव्हिएत चिंचिला कुठली ते नावातच आहे. या सगळ्या दाट केसांच्या, थंड हवेत पोसलेल्या जाती.

आपल्या देशात सरकारी संशोधन संस्थेनं ससे कुठे कुठे ठेवले तेही पाहा. एक केंद्र हिमाचलमध्ये कुल्लूकडे गारसा इथं, दुसरं तमिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूरला. राजस्थानात टोंक जिल्ह्यात अविकानगरला, म्हणजे संस्थेच्या मुख्य ठिकाणी, हवा गरम आहे. तिथं मग गरम हवेत ससा कसा वागतो, याचाच अभ्यास करावा लागला.

आता असा बिळात राहणारा प्राणी आपण तारेच्या पिंजऱ्यात टाकतो, जमिनीपासून तीन फुटांवर टांगतो आणि वर पत्रा घालतो. त्याला ना खाली जाता येतं, ना सावलीकडे सरकता येतं. बाहेर पळून जाणं तर दूरच.

सशाला घाम येत नाही

आपल्याला ऊन लागलं की घाम येतो, वारा लागला की अंग गार होतं. सशाच्या अंगाला जवळजवळ घाम येतच नाही. त्याच्याजवळ दोनच उपाय. एक म्हणजे कान. कानाच्या पातळ कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्या फुगतात आणि रक्तातली उष्णता हवेला देतात. दुसरा उपाय म्हणजे धाप. तो भराभरा श्वास घेतो आणि नाकावाटे उष्णता बाहेर टाकतो. लहानपणापासून उन्हाळी हवेत वाढलेल्या पिल्लांचे कान थंड हवेतल्या पिल्लांपेक्षा लांब होतात, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. शरीर आपल्या परीनं मार्ग काढत असतं. पण बाहेरची हवाच अंगाइतकी गरम झाली की कान काय करणार? तापलेल्या तव्यावर हात ठेवून हात गार होत नाही.

सशाच्या अंगाची उष्णता 39 अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्याला सुखाची हवा म्हणजे साधारण 18 ते 21 अंश. 30 च्या वर त्रास सुरू होतो. 35 च्या वर गेलं की शरीराचा तोल सुटायला लागतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43 ला टेकतो, आणि पत्र्याखाली तर त्याहून जास्त. अशा दुपारी ससा पोट टेकून पसरतो, कान मागे टाकतो, नाकाशी ओल येते, ओठ ओले होतात. हे पाहिलं की बायांनो, वाट बघायची नाही. तो जनावर जायच्या आधीचा इशारा आहे.

कोकणातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे तर 32-33 च्या वर पारा जातच नाही. पण दमट हवेत हाच त्रास कमी अंशाला सुरू होतो. इजिप्तमधल्या झगाझिग विद्यापीठातल्या माराई नावाच्या शास्त्रज्ञांनी हवेची उष्णता आणि दमटपणा एकत्र धरून सशासाठी एक मोजमाप ठरवलंय. त्यात 30 च्या वरचा आकडा म्हणजे अतितीव्र त्रास. कोरड्या हवेतले 38 अंश त्या मोजमापात 32 च्या पुढे जातात आणि 80 टक्के दमट हवेतले 32 अंशसुद्धा 30 ओलांडतात. म्हणजे मराठवाड्यातला मे जसा वाईट, तसाच कोकणातलाही.

वाढ का खुंटते

अन्न पचवताना अंगात उष्णता तयार होते. आपणही वैशाखात दुपारी भाकरीऐवजी ताक-कण्यांवर भागवतो. ससाही तेच करतो. त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून तो आत घेणंच कमी करतो. तो खात कमी आणि पीत जास्त. जे खाल्लं त्यातलीही ताकद धाप टाकण्यात जाते.

युनोच्या अन्न आणि शेती संघटनेनं सशांवर काढलेल्या पुस्तकात एक छोटा तक्ता आहे. मी तो वहीत उतरून घेतला आणि प्रत्येक बैठकीत वाचून दाखवते. 18 अंशांच्या हवेत वाढता ससा दिवसाला सुमारे 158 ग्रॅम गोळी खाद्य खातो, 271 ग्रॅम पाणी पितो आणि रोज 37 ग्रॅमनी वाढतो. 30 अंशांच्या हवेत तोच ससा 123 ग्रॅम खातो, 386 ग्रॅम पाणी पितो आणि वाढतो फक्त 25 ग्रॅमनी.

आता आपण बायका आहोत, घरचा हिशेब आपल्याला येतो. पिल्लू आईपासून तोडलं तेव्हा अर्धा किलोचं होतं असं धरा. ते दोन किलोचं करायचंय, म्हणजे दीड किलो वाढवायचंय. रोज 37 ग्रॅमनी 40 दिवस लागतील. रोज 25 ग्रॅमनी 60 दिवस. खाद्य लागेल पहिल्या हिशेबानं सव्वासहा किलोच्या आसपास, दुसऱ्यानं सात किलोच्या वर. दिवसाला कमी खाऊनही एकूण खाद्य जास्तच लागलं, कारण दिवस वाढले. आणि हा हिशेब 30 अंशांचा आहे. आपल्या 42 अंशांचा तक्ता त्या पुस्तकात नाही, कारण तिथं वाढीचा प्रश्नच उरत नाही, प्रश्न जगण्याचा असतो.

आता कागदावर काय होतं ते सांगते. आमच्या भागात एका कंपनीच्या करारात लिहिलं होतं: 7 माद्या आणि 3 नर असा एक संच घ्या, पिल्लं 12 आठवड्यांत दोन किलोची होतील आणि आम्ही ती उचलू. दोन किलोखाली माल घेणार नाही. हे 12 आठवडे कुठल्या महिन्यातले, ते मात्र करारात नव्हतं. जानेवारीत जन्मलेली पिल्लं बरीचशी वेळेत भरली. मार्च-एप्रिलमधली भरली नाहीत. काट्यावर दीड-पावणेदोन किलो. गाडी रिकामी परत गेली. वरून ऐकवलं, “ताई, तुमच्या बायका खाद्य चोरतात.” एका घरी नवरा म्हणाला, “तू दुपारी झोपतेस म्हणून हे झालं.” ती बाई दुपारी रोजगार हमीच्या कामावर होती! दोघांनाही वह्या दाखवल्या. त्यात रोजचं खाद्य लिहिलेलं होतं. खाद्य चोरीला गेलं नव्हतं, सशांनी ते खाल्लंच नव्हतं. दावणीत शिल्लक राहिलेलं खाद्यही त्या बाईनं मोजून लिहून ठेवलं होतं. त्या वहीमुळेच ती त्या दिवशी ताठ मानेनं बोलू शकली.

वांझ कोण?

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगते, ती आपल्या चळवळीच्या जवळची आहे.

मे-जूनमध्ये माद्या गाभण राहिनात. नराकडे सोडायची, महिना वाट पाहायची, पेटी रिकामीच. घरचे म्हणाले, मादी वांझ निघाली, विकून टाका. दोन गटांत चांगल्या, तरुण माद्या अशा स्वस्तात गेल्या. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी पहिला प्रश्न केला, “नर कसे आहेत?” तीव्र उन्हाळ्यात नराच्या वीर्यातले शुक्रजंतू कमी होतात आणि दुबळे होतात, कधी कधी नर काही काळ पूर्ण निकामी होतो. सशाला नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणून पाऊस पडून हवा गार झाली तरी नर लगेच सुधारत नाही. उन्हाचा परिणाम मादीवरही होतो. गर्भ जिरतो, पिल्लं कमी होतात, दूध आटतं. पण पहिला संशय कुणावर घ्यायचा, हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. जनावरांतही!

मी हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “म्हंजे सशाच्या बाईलाबी सुटका न्हाई.” सगळ्या हसल्या. पण त्या मावशींना स्वतःला मूल नाही आणि तपासणी फक्त त्यांचीच झालेली आहे, हे त्या बैठकीत सगळ्यांना माहीत होतं.

मटणाचं काय होतं

धंदा मटणाचा आहे. गटातल्या माळकरी बायकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की आम्ही पाळू पण कापणार नाही. त्यांचं म्हणणं मान्य करून जिवंतच विकायचं ठरलं. तरी मटण कसं निघतं हे विकणारीला माहीत असायला हवं, नाहीतर भाव पाडायला ते एक निमित्त होतं.

सशाचं मटण मुळातच कमी चरबीचं, त्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला 20-21 ग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात वाढलेल्या सशाच्या अंगावर चरबी आणखी कमी धरते, विशेषतः मूत्रपिंडाभोवती आणि खांद्यापाशी. अंगच लहान असल्यामुळे मटण कमी निघतं. पण असं मटण खायला वाईट नसतं. ते हलकं असतं, एवढंच. “उन्हाळी माल खराब” असं म्हणून व्यापारी किलोचा भावही पाडतो, तेव्हा त्याला हे सांगायचं. वजन कमी आहे, त्याचे पैसे कमी झालेच. भाव आणखी का पाडायचा?

खरी खराबी होते ती शेवटच्या दिवशी, आणि बहुतेक वेळा आपल्या घराबाहेर. स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो. जनावर कापल्यानंतर त्या साखरेचं आम्ल होतं आणि त्या आम्लामुळे मटण टिकतं, त्याचा रंग आणि पोत नीट राहतो. भर दुपारी टेम्पोत, एकावर एक पिंजरे रचून, पाण्यावाचून ससे तीन-चार तास नेले, की भीतीनं आणि उष्म्यानं हा साठा जिवंतपणीच संपून जातो. मग कापल्यावर आम्ल पुरेसं तयार होत नाही. मटण काळपट, चिवट-कोरडं दिसतं आणि लवकर खराब होतं. शिवाय अंगातलं पाणी गेल्यानं वजनही घटतं. आता हे सगळं घडलं कुणाच्या ताब्यात? गाडीवाल्याच्या. आणि काट्यावर घालतात कुठे? व्यापाऱ्याच्या दारात. घट कुणाच्या नावावर? बाईच्या. म्हणून आमच्या गटांनी ठरवलं: वजन आमच्या दारात, आमच्या काट्यावर, पहाटे. माल नेण्याची वेळही पहाटेची किंवा रात्रीची. एवढं एक मान्य करून घ्यायला तीन बैठका लागल्या.

पाण्याचा हिशेब

मघाशी सांगितलेला तक्ता पुन्हा आठवा. 40 दिवस रोज 271 ग्रॅम, म्हणजे एका सशाला जवळजवळ 11 लिटर पाणी. 60 दिवस रोज 386 ग्रॅम, म्हणजे 23 लिटर. दुपटीहून जास्त. पन्नास ससे असतील तर उन्हाळ्यात नुसतं पिण्याचं पाणी रोज 19 लिटर, म्हणजे एक भरलेला हंडा. पिंजरे धुणं, जमिनीवर शिंपडणं, पोती भिजवणं हे निराळं. हे पाणी लागतं ते नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहीर आटलेली असते, हापसा हवा ओकतो आणि टँकर दोन दिवसांआड येतो. पाणी आणतं कोण? योजनेच्या कागदावर खाद्य, औषध, पिंजरा, वाहतूक या सगळ्यांचे रकाने आहेत. पाण्यासमोर शून्य आहे, कारण पाणी “घरचं”. घरचं म्हणजे बाईच्या डोक्यावरचं.

“कमी कष्टाचा धंदा” ही जाहिरात कुणाच्या कष्टांना कष्ट मानते, हे या रकान्यात दिसतं. सासू, सून आणि शाळा सुटलेली मुलगी या तिघींनी मिळून आणलेला एकेक हंडा जर मजुरीच्या दरानं लिहिला, तर उन्हाळ्यातला ससा कुठल्याच घरात नफ्यात नाही. आमच्या एका गटानं हे प्रत्यक्ष लिहून पाहिलं आणि मार्च ते जून पिल्लं धरायचीच नाहीत असा ठराव केला. माझ्या मते हा फार शहाणपणाचा ठराव होता.

काय करता येतं

तरीही ज्यांच्याकडे ससे आहेत, त्यांना उन्हाळा काढायचाच आहे. तर ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो त्या सांगते.

पहिली गोष्ट छप्पर. उघडा पत्रा म्हणजे भट्टी. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या, उसाचं पाचट किंवा कडब्याचा जाड थर द्या, वर चुना मारा. पूर्व-पश्चिम लांबीचा गोठा बांधा, म्हणजे ऊन लांब बाजूंनी आत येत नाही. झाडाची सावली मिळाली तर सर्वांत उत्तम. माळवदाचं जुनं घर रिकामं असेल तर नव्या पत्र्याच्या शेडपेक्षा तेच बरं.

दुसरी गोष्ट ओली पोती. कोरड्या हवेत वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट लावलं की आत येणारा वारा गार होतो. पण पाणी उपलब्ध असेल तरच. कोकणात किंवा पावसाळी दमट दिवसांत याचा उपयोग नाही, उलट ओल वाढते आणि सशांना रोग होतात. तिथं वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

तिसरी गोष्ट वेळ. ससा मुळात संध्याकाळी आणि रात्री खाणारा. खाद्य दिवस मावळताना द्या, हिरवा चारा, लसूणघास, शेवरी पहाटे. दुपारी हात लावू नका, पकडू नका, पिंजरे हलवू नका. पाणी माठातलं गार द्या, दुपारी एकदा बदला. पिंजऱ्यात गर्दी कमी करा. मादीनं पेटीत केस जास्त उपटून टाकले असतील तर उन्हाळ्यात थोडे काढून घ्या, नाहीतर पिल्लं गुदमरतात. अंगाला धाप लागलेल्या सशाचे कान ओल्या फडक्यानं पुसा. थंड पाण्यात बुचकळू नका.

चौथी गोष्ट जमीन. बिळात राहणाऱ्या प्राण्याला बीळ परत द्यायचं, हा विचार जगात झालेला आहे. ट्युनिशियाच्या दक्षिण भागात, वाळवंटाच्या कडेला, लोक परंपरेनं जमिनीखालच्या खड्ड्यांत ससे पाळत. इटलीतल्या व्हितेर्बो विद्यापीठातले आलेस्सांद्रो फिंझी यांनी त्यावरून एक रीत बसवली: पिंजरा जमिनीवर, आणि नळीनं जोडलेली एक कोठडी जमिनीत पुरलेली. ससा ऊन वाढलं की आपणहून खाली जातो. आमच्याकडे एका गटानं फुटक्या गळ्याचा जुना रांजण आडवा पुरून आणि तोंडाशी पिंजरा जोडून हे करून पाहिलं. दुपारी त्या मादीचे फक्त कान दिसायचे. साफसफाईचं काम वाढतं आणि पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून उंचवटा लागतो. पण पाण्याचा एक थेंब न लागता गारवा मिळतो, आणि आपल्यासाठी ती मोठी गोष्ट आहे.

या सगळ्या कामांची वाटणी मात्र लिहून ठेवा. संध्याकाळचं खाद्य, पहाटेचा चारा, दुपारची फेरी हे सगळं जर एकाच बाईकडे आलं, तर तिची झोप कोण मोजणार? इजिप्तमध्येही गावोगाव बायका गच्चीवर आणि परसात ससे पाळतात आणि तिथंही हे काम घरकामातच धरलं जातं. ससा बाईचा असेल तर विकल्यावरचा पैसाही बाईच्या खात्यात जमा झाला पाहिजे, आणि पैसा घरचा असेल तर हंडा घरातल्या पुरुषानंही उचलला पाहिजे. यातलं एक तरी मान्य करून घ्या.

कागदावर लिहून घ्या

शेवटी मागण्या सांगते. या शिबिरात ठराव करावा अशी माझी विनंती आहे.

एक, ससेपालनाच्या कुठल्याही प्रकल्पाचा हिशेब महिनावार मागायचा. उन्हाळ्याचे चार महिने वेगळे दाखवलेले नसतील तर सही करायची नाही.

दोन, कर्जाचा हप्ता एप्रिल ते जुलै या काळात थांबवावा किंवा कमी करावा. उन्हाळ्यात वाढ नाही, आणि नर सावरेपर्यंत पुढची पिल्लंही नाहीत. उत्पन्न नसताना हप्ता भरायचा म्हणजे मंगळसूत्र गहाण पडणार.

तीन, खरेदीच्या करारात वयाबरोबर हंगाम लिहिलेला असावा. उन्हाळ्यात कमी वजनाचा मालही घेतला पाहिजे. वजन दारात व्हावं आणि वाहतुकीतली घट आणि मर नेणाऱ्याची असावी.

चार, प्रकल्पात पाण्याचा आणि बाईच्या श्रमाचा रकाना असावा, आणि त्यात आकडा असावा.

पाच, जिथं उन्हाळ्यात गाव टँकरवर असतं, तिथं हा धंदा बायकांच्या गळ्यात मारू नये. आणि एखाद्या गटानं सगळा हिशेब करून “आम्हाला ससे नकोत” असं ठरवलं, तर त्या गटाला “उत्साह नाही” असा शेरा मारून पुढचं कर्ज अडवू नये.

आणि तुमच्यासाठी एकच काम. वही ठेवा. रोज किती खाद्य टाकलं, किती उरलं, किती हंडे आणले, कुठल्या दिवशी पारा किती होता. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, रेघा ओढा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की बाईचं लक्ष नव्हतं, तर वही पुढे करायची आणि म्हणायचं, हे वाचा, मग बोला.

ठरावांचा मसुदा माझ्याकडे आहे. जेवणानंतरच्या सत्रात तो वाचून दाखवते. त्यात काय कमी-जास्त करायचं ते तुम्ही सांगा, कारण ससे तुमच्या दारात आहेत आणि कर्जही तुमच्याच नावावर आहे.

जिंदाबाद.